चौथं कार्ड

"आई, पुन्हा गेली बघ!"

सुहासची हाक आली तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातांनीच मागच्या अंगणात आले. शेडच्या दारात हे खुर्ची टाकून बसले होते. मला पाहताच त्यांनी हात वर केला. थांब, आत येऊ नकोस. जॉबर मागाला हात लावत असला की बाकीच्यांनी जवळ जायचं नाही, ही त्यांची जन्माची शिस्त. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस. आता शेडमध्ये एकही माग उरला नव्हता, आणि आत वाकून बसलेला जॉबर म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा होता. तरीही मी उंबऱ्याशीच थांबले.

"कुठलं मेलं?" ह्यांनी विचारलं. ओरडूनच. मागांच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस हळू बोलत नाही, आणि ह्यांना तर आता स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नव्हता.

"चौथं दिसंना, आप्पा," सुहासही ओरडला. "ते दिसंनासं झालं की अख्खी मशीन बंद होते. परत सुरू होते, परत बंद."

"दिसंना कसं? हितं तर दिसतंय की!"

"आपल्याला दिसतंय. कॉम्प्युटरला दिसंना."

"मग त्याचे डोळे तपास आधी," हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले.

त्या हसण्यासाठी मी काय काय नवस बोलले होते, ते माझं मला ठाऊक.

इचलकरंजीतली ही गोष्ट. नोटाबंदीच्या धक्क्यातून आमच्यासारखे बरेचजण उठलेच नाहीत. सूत मिळेना, कापड जाईना. शेवटी आम्ही माग काढले. भंगारवाल्यानं आमच्यासमोरच ते घणानं फोडले आणि ट्रकात भरले. त्या दिवसापासून हे बोलायचे थांबले. तसं आजारपण काही नव्हतं. जेवायचे, आंघोळ करायचे, आणि माजघरात भिंतीकडे तोंड करून बसायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेऊन ते झोपायचे आणि उठून पुन्हा भिंतीकडे बसायचे. भाजीत मीठ नाही, एवढं तरी म्हणा हो, असं मला व्हायचं. एकदा मी मुद्दाम अळणी आमटी केली. सगळी संपवली त्यांनी.

अशात सुहास पुण्याहून परत आला. त्याची कंपनी बंद पडली होती. येताना त्यानं ही मशीन आणली. भिंतीकडेला टेबलावर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, आणि त्यात एकाशेजारी एक टांगलेली सहा कार्डं, प्रत्येक जाडजूड पुस्तकाएवढं. पोरं कॉम्प्युटरवर खेळ खेळतात ना, त्यातली चित्रं हलती ठेवायला ही कार्डं असतात म्हणे. पण त्या वर्षी सगळ्या जगानं ती दुसऱ्याच कामाला जुंपली होती. अवघड गणितं अखंड सोडवत राहायची, आणि त्या बदल्यात एक नाणं मिळायचं, जे कुणी हातात धरलेलं नाही. ह्या कामाला वीज फार लागते, आणि आमच्या शेडला मागांची मोठी लाईन होतीच. कार्डं तापून जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला पंखे. सहाही कार्डांचे पंखे पहिल्यांदा फिरले तेव्हा शेडची भिंत हलकीशी थरथरली. ती थरथर माजघरापर्यंत आली असावी. हे उठले, अंगण ओलांडून शेडमध्ये आले आणि सांगाड्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

"काय विणतंय हे?" त्यांनी विचारलं. कित्येक महिन्यांतला त्यांचा पहिला शब्द.

सुहासनं माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. "आकडे विणतंय, आप्पा."

"आडवे का उभे?"

तेव्हापासून ते रोज सकाळी आमच्या आधी उठून शेडमध्ये जायचे. झाडून काढायचे, उदबत्ती लावायचे. कोपऱ्याकोपऱ्यात, छताच्या वाशांवर वर्षानुवर्षांची कापसाची लव होती, ती थोडी थोडी काढायचे. मग खुर्चीवर बसायचे. सुहास आला की विचारायचे, "रातच्या पाळीला किती निघालं?" आणि तो लॅपटॉपवर आकडे दाखवायचा. दुपारी चहाला बोलायचे. माझ्या वहिनीच्या नाकाबद्दलसुद्धा बोलायचे.

आणि आता चौथं कार्ड दिसत नव्हतं.

"वायर बदल आधी," हे म्हणाले. "मागात धोटा अडकला म्हणून कुणी मोटर उघडतं काय?"

"तेच करालोय, आप्पा."

सुहासनं कार्डाला मशीनशी जोडणारी पट्टी बदलली. मशीन चालू झाली, हे खुर्चीत पुढे सरसावले, आणि पंखे पुन्हा थांबले. मग वीज पुरवणारी केबल बदलली. तेच. मग त्यानं चौथ्या जागेवर दुसरं चांगलं कार्ड लावलं आणि आम्ही सगळे पंख्यांकडे बघत राहिलो. मशीन चालत राहिली.

"जागा चांगली हाय," हे म्हणाले.

"आता हे चौथं दुसऱ्याच्या जागेवर लावतो."

लावलं. मशीन बसली.

"खोड कार्डातच!" ह्यांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस मालन? मागाचं बी असंच. एकेक बाजूला काढत जायचं. शेवटी उरतो तो चोर." मग सुहासला म्हणाले, "जॉबर होतास की लेका तू. पुण्याला कशाला गेलास उगीच?"

"तुम्हीच पाठवलासा."

"मी पाठवलं? मालन, मी पाठवलं?"

"मग कुणी, मी?" मी म्हणाले. आम्ही तिघं हसलो. त्या शेडमधलं तिघांचं मिळून ते शेवटचं हसणं.

सुहास कार्ड घेऊन दारातल्या उजेडात बसला आणि बारीक स्क्रू काढू लागला. मला एकच भीती होती. खंडेनवमीला मी मशीनला हळदकुंकू वाहिलं होतं. तो नको नको म्हणत असताना चिमूटभर वाहिलंच होतं. तेच आत गेलं असलं तर?

पंख्याचं झाकण निघालं. आत हळदकुंकू नव्हतं. आत काळपट, चिकट लगदा होता. पंख्याखाली धातूच्या पातळ पापुद्र्यांची जाळी असते, तिच्यातून वारा जाऊन कार्ड गार राहतं. ती सगळी जाळी कापसाच्या लवेनं लिंपून गेली होती, आणि लव तेलात भिजली होती. सुहासनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. तो वास मीही उंबऱ्यावरून ओळखला. आमच्या घरात कपड्यांना, अंथरुणाला, केसांना तोच वास होता. मागाचं तेल.

"हे आत कसं गेलं?" सुहास हळूच म्हणाला.

"काय म्हणतोयस?"

सुहासनं काळं बोट वर करून दाखवलं.

"तेल व्हय!" ह्यांचा चेहरा उजळला. "मी घालतो की. रोज सकाळी, सगळ्या पंख्यांना एकेक थेंब. फिरतं यंत्र, तेलाशिवाय कसं चालंल? तुला कुठं सुचतंय ते." मग ते खुर्चीतून वाकले आणि काळजीनं त्या लगद्याकडे बघत म्हणाले, "का, कमी पडलं काय?"

सुहासनं बोट फडक्याला पुसलं. मी बघत होते. बारका असताना चिडला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आता त्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"न्हाई, आप्पा," तो मोठ्यानं म्हणाला. "तेल बरोबर होतं. कार्डच जुनं होतं. मी सेकंडहँड घेतलं होतं न्हवं?"

"मग ठीक," हे म्हणाले. "घेताना मला दाखवायचं."

थोड्या वेळानं सुहास हात धुवायला स्वयंपाकघरात आला. मोरीशी खिडकी होती, खिडकीतून अंगण आणि खुर्चीतले हे दिसत होते.

"सगळ्यांत तेल आहे, आई," तो दबक्या आवाजात म्हणाला. "एक गेलं. बाकीची पुसून काढली तरी किती टिकतील माहीत नाही."

"पुस की मग. मी लागते मदतीला."

"पुसून करू काय? त्या नाण्याचा भाव पडलाय. वीज जेवढ्याची जळते तेवढं हातात पडत नाही. मी दिवाळीनंतर बंदच करणार होतो." त्यानं नळ बंद केला. "बंगळूरच्या कंपनीचा फोन येऊन गेला. चांगलं काम आहे. त्यांना लवकर पाहिजे माणूस."

"मग जा."

"जातो. आणि आप्पा?"

आम्ही दोघांनी माजघराकडे बघितलं. ती भिंत तिथंच होती. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डागही होता तिच्यावर.

"त्यांच्या हातून बिघडलं हे त्यांना कळता कामा नये," सुहास म्हणाला. "तू काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?"

त्यानं खिडकीतून बघितलं. हे आमच्याकडेच बघत होते. सुहासनं हात हलवला. त्यांनीही हलवला.

मग आमच्या घरात एक नाटक सुरू झालं. जी कार्डं जिवंत होती ती सुहासनं दात घासायच्या ब्रशनं आणि स्पिरिटनं धुतली आणि सांगलीच्या एकाला विकली. त्यांच्या जागी दुरुस्तीच्या दुकानातून मेलेली कार्डं आणून टांगली. त्यांचे नुसते पंखे फिरतील अशी जोडणी केली. बाहेरून काही फरक नव्हता. आप्पांना म्हणाला, "नवीन कार्डं आणलीत. ह्यांना तेल चालत न्हाई, सीलबंद असतात." मला वाटलं, आता वाद होणार. पण हे "बरं" म्हणाले, आणि तेलाची बुधली उचलून स्वतःच माळ्यावर ठेवून आले.

सुहास रोज सकाळी त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसायचा आणि लॅपटॉपवर जुने आकडे चालवून दाखवायचा. "आज किती?" "कालच्यापेक्षा जरा बरं, आप्पा." दुपारी तो गच्चीवर जाऊन बंगळूरला फोन करायचा. दर वेळी खाली यायचा तो मान खाली घालून. मी विचारायची नाही. मला दोघंही पाहिजे होते. एकाचं बोलणं आणि एकाचं जाणं, दोन्ही एका घरात मावत नव्हतं.

थंडी पडायला लागली होती. एका दुपारी सुहास काही कामासाठी कोल्हापूरला गेला होता. मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. हे मशीनसमोर उभे होते.

"हात धर हितं," ते म्हणाले.

"चहा घ्या आधी."

"धर तर."

मी पंख्यांपुढे हात धरला.

"कसा लागतोय वारा?"

"गार," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला कळलं.

"पहिला गरम यायचा. भट्टीपुढं बसल्यासारखा," ते म्हणाले. "कार्ड काम करालं की तापतंय. हे नुसते पंखे हाईत, मालन."

मी कपबशी टेबलावर ठेवली.

"तुला ठावं होतं," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही दोघं मोरीपाशी बोलालतासा, त्याच दिवशी."

"तिथलं तुम्हाला इथं ऐकू आलं?"

ते हसले. "मागावर काय तू मला ओरडून सांगायचीस?"

मी त्याच शेडमध्ये वर्षानुवर्षं सुताच्या कांड्या भरल्या होत्या. चोवीस माग चालू असताना कानात बोललेलं कानाला कळत नसे. आम्ही सगळे ओठ वाचायचो. सूत संपलं, पोरगं रडतंय, जेवायला चला, सगळं ओठांवर. शेडच्या या टोकावरून त्या टोकाला. लग्नानंतर ह्यांनी माझ्याशी पहिली थट्टा केली तीही अशीच, चार कामगारांच्या डोक्यावरून. आणि आम्ही मायलेकरं त्यांच्यासमोर, उजेडाच्या खिडकीत, आवाज दाबून बोलत होतो.

"मी पोराची मशीन मारली," ते म्हणाले.

"असं नका बोलू. भाव पडला होता. तो बंदच करणार होता."

"ते बी वाचलं. पण मारली मी."

"मग इतके दिवस गप्प का बसलासा?"

ते खुर्चीत बसले.

"सुटत न्हवतं," ते म्हणाले. "सकाळी उठून जायला जागा होती. आणि पोरगं शेजारी बसायचं. बारका होता तेव्हा मी मागावर, मोठा झाला तो पुण्याला. एवढा कधी बसलाच न्हवता माझ्याजवळ. खोटं का असंना, आकडे दाखवत होता. म्हटलं, आज एक दिवस. उद्या सांगू." त्यांनी चहा घेतला, गार झाला होता तो. "काल गच्चीवर फोन करालता. मी अंगणातनं बघितलं. आणखी थोडे दिवस द्या म्हणालता. हात जोडल्यासारखा उभा होता गं. मोबाईलसमोर."

"आपण त्याला सांगूया," मी म्हणाले. "सगळं सांगूया. तो समजून घेईल."

"समजून घेईल आणि जाणार न्हाई." ते माझ्याकडे वळले. "मी पुन्हा त्या भिंतीपुढं बसणार हे ठावं असलं तर तो पाऊल उचलणार न्हाई. त्याला माझा राग यायला पायजे. रागात माणूस जातो."

"अहो, पण..."

"तू तोंड उघडायचं न्हाई. मी हाय तोवर न्हाई आणि माझ्यामागं बी न्हाई. मागं कळलं तर त्याला जास्त लागंल. माझ्या गळ्याशपथ, मालन."

त्यांच्या गळ्याची शपथ त्यांनी मला आयुष्यात तेवढी एकदाच घातली.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. ह्यांनी पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "सुहास, उद्या ते तुझं खेळणं काढ शेडमधनं."

"खेळणं?"

"मग काय म्हणू? पंखे लावायचे आणि समोर बसायचं. ह्याला काम म्हणतात? माझ्या शेडमध्ये माग चालत होते. लोक विचारतात पोरगं काय करतंय, मला सांगायला लाज वाटते."

सुहासचा घास हातातच राहिला. "आप्पा, तुम्हीच तर रोज..."

"बसत होतो. काय करणार? तुला एकट्याला रिकामा बसलेला बघवत न्हवतं. आता कंटाळा आला मला. शेड भाड्यानं देऊया गोदामाला."

"मी हितं कुणासाठी बसलोय, ठावं हाय काय तुम्हाला?" सुहासचा आवाज चढला. त्याच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

ह्यांनी मान वर केली आणि थेट त्याच्या तोंडाकडे बघितलं. "कुणासाठी?"

सुहासचे ओठ उघडले. मी ताटावर हात ठेवून बसले होते. तो एक शब्द आला असता तर सगळंच आलं असतं. त्यानं ओठ मिटले.

"कुणासाठी न्हाई," तो म्हणाला.

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. आई, तू तरी काहीतरी बोल, असं ते बघणं होतं. मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"जेव," मी म्हणाले.

तो उठला.

आठवड्याच्या आत तो बंगळूरला गेला. निघताना वाकून नमस्कार केला तेव्हा हे वर्तमानपत्र वाचत होते. "हं," एवढंच म्हणाले. रिक्षा गल्लीच्या टोकाला वळली तोवर मी दारात उभी होते. आत आले तर वर्तमानपत्र खाली पडलं होतं आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पुन्हा तेच दिवस आले. फक्त एवढंच, की मी भिंतीच्या बाजूला पाट टाकून त्यांच्यासमोर बसले तर ते ओठ हलवायचे. आवाज काढायचे नाहीत. पोचला असंल? पोचला, मी म्हणायची, तशीच, आवाजाशिवाय. जेवतो का वेळेवर? जेवतो. चिडलाय अजून? चिडलाय. मग ते मान हलवायचे, काम नीट चाललंय अशी. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. सुहास आला, सगळं केलं, आणि तेरावं होताच परत गेला. त्यानं मला काही विचारलं नाही.

आता मी त्याच्याकडेच असते. मोठा माणूस झालाय तो, त्याच्या हाताखाली पुष्कळ लोक आहेत. गेल्या वर्षी नवीन घराची वास्तुशांत झाली तेव्हा जेवणं झाल्यावर त्याचे मित्र बसले होते. कुणीतरी विचारलं, तू इकडे कसा आलास रे? सुहास हसून सांगायला लागला. "वडिलांनी हाकललं म्हणून आलो. त्यांना माझं काम म्हणजे खेळणं वाटायचं. भर जेवणात म्हणाले, तुझं सांगायला लाज वाटते मला. आज असते तर हे घर दाखवलं असतं त्यांना." तो छान सांगतो. ह्यांचा आवाजही काढून दाखवला, तो ओरडून बोलायचा. सगळे हसले. मीही हसले.

पाहुणे गेल्यावर केतकी, माझी सून, माझ्याजवळ येऊन बसली. तिनं ह्यांना पाहिलेलं नाही, लग्न नंतर झालं.

"आई," ती म्हणाली, "मामंजी खरंच एवढे रागीट होते का हो?"

सुहास खुर्च्या आवरत होता. त्याचे हात थांबले होते. पाठ आमच्याकडे होती.

"लई," मी म्हणाले. "लई रागीट होते."